शक्यतो

कलम चौदा, पोटकलम तीन मी लिहिलं.
तालिनच्या कचेरीत, चौथ्या मजल्यावर, फेब्रुवारीत,
हीटरवर ओले मोजे वाळत घालून :
‘शेतांतून समुद्रात जाणारा फॉस्फरस
शक्यतो कमी करण्यात यावा.’

‘शक्यतो’ माझा लाडका शब्द.
दाराखाली सारलेल्या पाचरीसारखा.
दार ना उघडं, ना बंद,
आणि कुणाचंच बोट चेंगरत नाही.

हेल्वेचा अहवाल दर ऑक्टोबरात यायचा,
एकशे बारा पानं. मी सारांश वाचायचे,
मग सारांशाचा सारांश करायचे.
तिचे ४.३ मीटर
माझ्या टेबलावर ‘सुमारे साडेचार’ व्हायचे,
वरच्या मजल्यावर ‘समाधानकारक’,
आणि भाषणात थेट ‘आपला निळा समुद्र’.

एका वर्षी शेवटच्या पानावर
पेन्सिलीनं एक ओळ आली :
‘थाळी धरायला माणूस कमी आहे. ये.’

विर्त्सूहून फेरीबोट. पुढं सारेमा बेट,
जुनिपरची झुडपं, दगडी कुंपणं,
आणि डिझेल नि धुरवलेल्या माशांच्या वासाची
काल्यूची होडी.

थाळी म्हणजे खरंच थाळी :
पांढरी, कडेला टवका उडालेली, मधोमध दोर,
दोराला दर अर्ध्या मीटरवर लाल गाठ.
‘सोड,’ हेल्वे म्हणाली. ‘दिसेनाशी झाली की थांब.
मग वर ओढ. दिसली की थांब.
त्या दोहोंच्या मधे कुठंतरी आमचं शास्त्र आहे.’

मी सोडत गेले.
थाळी हिरवी झाली, मग पिवळट,
मग झोपेत उतरणाऱ्या चेहऱ्यासारखी
कुणाचीच नाही अशी.
मग नव्हतीच.
सात गाठी आणि वर एक वीत.

मी म्हटलं, ढग आहेत म्हणून असेल.
हेल्वे हसली नाही.
तिनं ढगही लिहून घेतले.

काल्यू सुकाणूवरून बोलला, कुणाशीच नाही असा :
‘बापाचा नांगर इथून वर यायचा
तेव्हा त्याला तपकिरी शेवाळाची दाढी असायची.
आता नांगर गुळगुळीत दाढी करून येतो.
लग्नाला निघाल्यासारखा.’

मग बाटली तळच्या खड्ड्यात गेली
आणि खालचं पाणी वर आलं.
बूच काढताच कुजक्या अंड्यांचा वास.
मी कठड्याकडे धावले.
‘शक्यतो,’ काल्यू म्हणाला, ‘वाऱ्याकडे पाठ करून.’

समितीची बैठक जूनमध्ये झाली.
शेतकरी संघाचे वेल्लो, आकडे तोंडपाठ,
माणूस वाईट नाही, सगळ्यांसाठी राईची पाव आणलेली.
एका शब्दावर दोन तास गेले.
कॉफी थंड झाली, पुन्हा आली, पुन्हा थंड झाली.
शेवटी अध्यक्षांनी चष्मा काढून विचारलं,
‘पण तुम्हाला पूर्ण खात्री आहे का?’

‘नाही,’ हेल्वे म्हणाली.
‘मला पाच सेंटिमीटरची शंका आहे.
ती मी पान चाळीसवर लिहिली आहे.
तुम्हीही तुमची लिहा. सेंटिमीटरमध्ये.’

कुणी पेन उचललं नाही.
मी उचललं. शब्द माझाच होता,
खोडायची लाज माझ्याच वाट्याची.

कलम चौदातून ‘शक्यतो’ गेलं.
तिथं आता एक आकडा आहे, एक तारीख आहे,
आणि दोन्ही हुकल्यास कुणी उत्तर द्यायचं त्याचं पद.
पण शब्द बुडत नाहीत. छापून आलेला मसुदा चाळताना
तो मला कलम एकोणीसमध्ये दिसला,
तरंगत, टुमटुमीत :
‘मोजणीच्या होड्यांसाठी निधी
शक्यतो उपलब्ध करून द्यावा.’

समुद्र अजून तसाच आहे.
तो राजपत्र वाचत नाही,
आणि तळाला साठलेलं सावकाश वर येतं,
आमच्या निवृत्तीनंतरही येत राहील, असं हेल्वे सांगते.

या ऑक्टोबरात पुन्हा अहवाल आला.
मी सगळा वाचला, एकशे वीस पानं, शंकेसकट.
शेवटी पेन्सिलीनं :
‘थाळीला नवा दोर घेतलाय. आधीपेक्षा लांब.
उगाच.’